निंगव्वाची चुंबळ

गेल्या महिन्यात धारवाडहून एक मुलगी मला भेटायला आली होती. एम.ए. करते. कष्टकरी बाईचं शोषण नाटकात कसं दाखवलं जातं, असा काहीतरी तिचा विषय होता. हळबे सरांच्या घरच्यांकडून तिला 'तिखट हात' या नाटकाची हस्तलिखित प्रत मिळाली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर 'पारू' या नावापुढे माझं माहेरचं नाव होतं. मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "मॅडम, पारू तुम्ही कशी उभी केलीत?" मी म्हटलं, "निरीक्षण केलं." ती थांबली. आणखी काही येईल म्हणून थांबली असावी. मी तिच्यापुढे चकल्यांची ताटली सरकवली. गोकुळ रोडवरच्या या तिसऱ्या मजल्यावर मी एकटीच असते. हे गेले, मुलगा त्याच्या नोकरीच्या गावी आहे. कुणी बोलायला आलं की सोडवत नाही, गॅसवाल्यालासुद्धा दोन प्रश्न जास्तीचे विचारते. तरीही त्या पोरीला मी अर्ध्या तासात वाटेला लावलं. या आठवणी लिहायला घेतल्यापासून शाळा, मैत्रिणी, लग्न असं सगळं लिहून झालं आणि दर वेळी वखारीच्या दारापर्यंत येऊन मी परत फिरले. ती मुलगी गेल्यावर वाटलं, आता पुरे झालं.

जुन्या हुबळीत आमचं घर वर आणि मिरचीची वखार खाली होती. आमच्याकडे पाहुणा आला हे दाराच्या कडीवरून नाही, शिंकेवरून कळायचं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पहिली शिंक, सहाव्या पायरीवर ठसका आणि वर पोचेपर्यंत माणूस डोळे पुसत हसत असायचा. आम्हाला काहीच व्हायचं नाही. आम्हाला म्हणजे अण्णांना, अक्काला आणि मला. अण्णा म्हणजे माझे वडील आणि अक्का त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन आलेली, घर तिच्या हातात. आईला मात्र ती हवा सोसली नाही. तिला दमा होता आणि खाली पोती सोडली की वर तिचा श्वास कोंडायचा. ती धारवाडला मामाकडे राहायला गेली. 'हवा बदलायला गेलीय' असं सगळे सांगायचे. ही हवा बदलणं अकरा वर्षं चाललं. दसऱ्याला आणि संक्रांतीला ती यायची, नाकाला पदर लावून चार दिवस राहायची, माझे केस विंचरून द्यायची आणि परत जायची.

घरात तीन माणसं आणि जेवणं तीन वेळा. आधी अण्णा एकटे, भिंतीकडे पाठ करून. मग मी. मग सगळं आवरून अक्का. ज्वारीची भाकरी, वांग्याची एण्णेगाई, ओल्या लाल मिरचीचा, लसूण लावलेला रंजका. अक्काच्या हाताला चव फार होती. पण तिन्ही जेवणं मुकी. अण्णा वाईट नव्हते. त्यांनी मला कधी बोट लावलं नाही आणि खरं सांगायचं तर कधी फारसं काही विचारलंही नाही. दिवसभर भाव, पोती, गाड्या यांच्याशी बोलून त्यांच्याकडचे शब्द वर येईपर्यंत संपलेले असायचे. मी त्यांच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवून उगीच उभी राहायचे. "काही पाहिजे?" ते विचारायचे. "नाही." एवढंच.

त्यामुळे माझा जीव खालीच. जिन्यात मध्यावर एक लाकडी खिडकी होती, तिथून वखार दिसायची. मिरचीच्या लाल राशीभोवती पंचवीसएक बायका मांडी ठोकून बसलेल्या आणि देठ खुडण्याचा तो बारीक, न थांबणारा आवाज. आजही भुईमुगाच्या शेंगा कुणी फोडायला लागलं की मला तो आवाज ऐकू येतो. त्यांच्या कानडी गप्पा, एकमेकींच्या सासवांच्या नकला, मध्येच एखादं गाणं. निंगव्वा त्यांच्यातली पुढारी. अंगानं बारकी, कपाळाला भंडारा, समोरचा एक दात अर्धा. नवरा हमाल होता, पाठ धरल्यापासून घरी पडून. शिवी आणि शांता या दोन मुली. मला ती लहानपणापासून 'वैजक्का' म्हणायची, मालकाची लेक म्हणून अक्का, आणि हाक मात्र अरेतुरेची. ती माझ्याशी कानडीतच बोलायची. इथे मी तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. हळबे सरांनीही तेच केलं होतं, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय, पण मला दुसरं काही येत नाही.

हळबे सर आम्हाला कॉलेजात मराठी शिकवायचे. हुबळीत मराठी नाटक करायचं म्हणजे त्यांना धर्मकार्य वाटायचं. एका वर्षी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं. मिरचीच्या वखारीत राबणारी पारू, तिला पिळून घेणारा मालक, आणि एक कवी मनाचा कारकून, जो शेवटी लांबलचक बोलतो. पारूचं काम मला दिलं, कारण मिरचीवाल्यांची मुलगी मीच. तालमींना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा असायचा. मुली एकमेकींच्या वेण्या घालायच्या आणि मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी मध्ये बसल्यासारखं वाटायचं. अक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात एक भांडं विसळत नाहीस, आणि तिथं चार लोकांपुढं मोलकरीण होणार? मग मला पण तिकीट दे, कधी नाही ते तुला काम करताना बघीन."

सरांची पारू कोल्हापूरकडची मराठी बोलायची आणि दर प्रवेशात एकदा रडायची. आमच्या वखारीत तसं बोलणारी एकही बाई नव्हती आणि रडणारी तर मी बघितलीच नव्हती. मी दुपारी खाली जाऊन निंगव्वाशेजारी बसायला लागले. तिला फार मजा वाटली. कामाला बसण्याआधी हाताला गोडेतेल कसं चोळायचं, देठ नखानं नाही तर बोटाच्या पेरानं कसा मोडायचा, डोळ्यात पाणी आलं तर ते दंडानं कसं टिपायचं, सगळं तिनं शिकवलं. "बोट लावलंस की मेलीस," ती म्हणाली. "आम्हाला रडायचीसुद्धा सोय नाही बघ वैजक्का. पुसायचं कशानं?" शेजारच्या बायका हसल्या. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी सुटताना बायकांची झडती व्हायची. मी जन्मापासून ती बघत होते, म्हणून तिला झडती म्हणतात हेही मला माहीत नव्हतं, 'पदर झटकणं' म्हणायचो आम्ही. दाराशी दिवाणजी खुर्ची टाकून बसायचे. एकेकीनं पुढे यायचं, पदर सोडून झटकायचा, अंबाडा सोडून केस हलवायचे, भाकरीची बुट्टी खाली ठेवून उघडी करायची. दिवाणजी सभ्यपणा म्हणून मान जराशी वळवून बसायचे. आपल्याकडे कुणी बायकांच्या अंगाला हात लावत नाही, याचा अण्णांना अभिमान होता. बुट्टी डोक्यावर ठेवण्यासाठी प्रत्येकीची चुंबळ असायची, जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून केलेलं गोल वळं. अंबाडा सोडताना बायका ती बांगडीसारखी मनगटात सरकवायच्या आणि मग पुन्हा डोक्यावर ठेवायच्या.

नाटकात मला बुट्टी घेऊन चालायचं होतं, म्हणून निंगव्वा मला चुंबळ वळायला शिकवत होती. माझी दर वेळी उलगडून जायची. सातव्या-आठव्यांदा ती सुटली तेव्हा निंगव्वा हसत म्हणाली, "पोटात काही नसलं की बसत नाही गं ती." मग तिनं इकडे-तिकडे बघितलं आणि आपली चुंबळ माझ्या मांडीवर ठेवून दोन पदर उलगडले. आत मिरच्या होत्या. मूठभर, चिंधीत दाबून चपट्या केलेल्या, गडद लाल.

"सगळ्याच नेतात?" मी विचारलं.

"ज्यांच्या घरात खाणारे आहेत त्या." तिनं चुंबळ पुन्हा वळली. "वर सांगशील?"

"नाही सांगणार. आईची शपथ."

"आई कुठाय तुझी शपथ घ्यायला?" असं म्हणून तिनं तेलकट कोपरानं मला ढोसलं आणि आम्ही दोघी हसलो. माझ्या आईवरून कुणी माझ्याशी थट्टा केली, अशी ती एकच वेळ. मला ते फार आवडलं होतं.

चार दिवसांनी मी ते सरांना सांगितलं. मी 'वर सांगणार नाही' म्हटलं होतं, नाटकाचं काही बोलले नव्हते, अशी समजूत मी काढली होती स्वतःची. सर खुर्चीतून उठलेच. "वैजयंती, अगं हेच हवं होतं! इतके दिवस पारू नुसतीच सोसत होती!" त्यांनी त्याच बैठकीत प्रवेश लिहिला. झडतीला पारू पदर झटकते, केस सोडते, मालक हसून तिला जायला सांगतो. ती पुढे येते आणि फक्त प्रेक्षकांना चुंबळ उलगडून दाखवते. एक शब्दही नाही. अख्ख्या नाटकात रडू न येणारी तीच एक जागा होती.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी निंगव्वानं विचारलं, "कधी आहे गं तुझं नाटक? पोरींना घेऊन येते." मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." तारीख ठरलेली होती, पत्रिका छापून आल्या होत्या. मला तिची लाज वाटली असं नाही. मग काय वाटलं? तिनं बघितलं असतं तर माझ्या अंगावरचं काय काय तिचं आहे हे तिला कळलं असतं, असं काहीतरी. आज मी एवढंच म्हणू शकते. तिच्याबद्दलच्या त्या नाटकाला सभागृह भरलं होतं आणि त्यात देठ खुडलेला एकही हात नव्हता.

अण्णा दुसऱ्या रांगेत बसले होते, बाजारातल्या चार व्यापाऱ्यांसोबत. चुंबळ उलगडली तेव्हा आधी सगळं शांत झालं आणि मग टाळ्या आल्या. शेवटच्या प्रवेशाला बायकांचं मुसमुसणं मला रंगमंचावर ऐकू येत होतं. पडदा पडल्यावर मी फटीतून बघितलं. अण्णा रुमालानं चष्मा पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या ठेवून नेहमीसारखी उभी राहिले. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वर बघितलं.

"चांगलं केलंस काम."

मी तांब्या उगीच जरा पुढे सरकवला.

"बस की," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच. "ते चुंबळीचं सरांना कसं सुचलं? वखारीत काही त्यांचा पाय नाही."

"मी सुचवलं."

"तू?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. ते मला आजही ऐकू येतं. "छान डोकं चालवलंस. मला वाटलं नुसती कल्पना."

इथे मी गप्प बसू शकत होते. 'हो, कल्पनाच' म्हटलं असतं तरी ते तेवढेच खूश राहिले असते. पण अण्णा माझ्याशी बोलत होते, आणि ते बोलणं आणखी थोडं चालावं एवढंच मला हवं होतं.

"कल्पना नाही काही," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलंय."

अण्णांनी मान हलवली. आणखी अर्धी भाकरी मागून घेतली, रंजक्यात मीठ बरोबर पडलंय असं अक्काला सांगितलं, हात धुतले आणि खाली गेले. मी पाटावर बसून राहिले, खूश होऊन. मला खरंच काही कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ते जिना उतरत होते तेव्हा दुसऱ्या की तिसऱ्या पायरीलाच मला कळलं होतं. निंगव्वा दिवसभर खाली बसलेली होती आणि माझ्याजवळ संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. मी वर माझे केस धुतले.

संध्याकाळी दाराशी दिवाणजींशेजारी अण्णा स्वतः उभे होते. मी जिन्यातल्या खिडकीत होते. पदर झटकून झाले, केस सोडून झाले, आणि अण्णा हळूच म्हणाले, "चुंबळी पण ठेवा खाली." चार जणींच्या निघाल्या. तिघींनी रडत पाय धरले, त्यांना त्यांनी माफ केलं. मी सांगितलं ना, ते वाईट नव्हते. निंगव्वानं पाय धरले नाहीत. तिनं आपली चुंबळ स्वतःच उलगडली, मिरच्या राशीवर परत टाकल्या आणि चिंधी झटकून खांद्यावर घेतली.

"घरी चटणीला लागते, अण्णा."

"मागितली असतीस तर दिली असती."

"मागितली होती," ती म्हणाली. "दसऱ्याला. अक्कानं फटकी दिली." फटकी म्हणजे पांढरी पडलेली, बाजारात कुणी घेत नाही ती मिरची.

अण्णा दिवाणजींकडे वळले. तेवढ्यात तिनं वर बघितलं. खिडकीकडे बघितलं की सहज, मला माहीत नाही. तिचा चेहरा नाटकात दाखवतात तसा नव्हता. राग नव्हता, पाणी नव्हतं. एखादी वस्तू कुठं ठेवली होती ते आठवावं तशी भुवई जराशी वर गेली, एवढंच. मग बुट्टी तशीच, चुंबळीशिवाय, डोक्यावर ठेवून ती गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर दुसरी बाई होती. देठांच्या आवाजात काही फरक पडला नाही.

पंधरा दिवसांनी धारवाडला स्पर्धेत दुसरा प्रयोग होता. मी नाही म्हणेन, असं मलाच वाटत होतं. मी म्हटलं नाही. हे सगळ्यांत शेवटपर्यंत लपवलेलं, ते आता लिहिते. त्या प्रयोगात चुंबळ उलगडताना मी निंगव्वाची भुवई वापरली. ठरवून, आरशासमोर दोन दिवस घोटून. सभागृहात कुणी श्वास घेईना. परीक्षकांनी बक्षीस दिलं ते त्या एका प्रवेशासाठी, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. आई पहिल्या रांगेत होती. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "किती खरं केलंस गं." तिच्या पदराला मिरचीचा वास अजिबात नव्हता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होते आणि मनात येत होतं, हिला आत्ता सांगावं. तेवढ्यात कुणीतरी फोटोला बोलावलं.

त्यानंतर मी नाटक केलं नाही. मनाला लागलं म्हणून सोडलं, असं म्हटलं तर शोभेल. खरं म्हणजे तालमीच्या खोलीत मुली हसायला लागल्या की मला तिथे बसवेना. अण्णा त्यानंतर कधीमधी 'बस' म्हणायचे. मी बसायचे, पण मला बोलायला काही सुचायचं नाही. त्यांनाही नाही. घर पुन्हा पहिल्यासारखं मुकं झालं आणि या वेळी त्यात माझाही वाटा होता.

निंगव्वाच्या घरी मी एकदाच गेले. कमरीपेठेच्या मागच्या बाजूला एका अरुंद बोळात तिची खोली होती. दुपारची वेळ. ती उंबऱ्यात बसून विड्या वळत होती, ते काम तिला मिळालं होतं. आत नवरा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. शिवी आणि शांता दारातच गोट्या खेळत होत्या. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी आले होते, वाक्यंसुद्धा जुळवली होती. मला बघून ती उठली नाही. सरकून तिनं उंबऱ्यात जागा केली.

"ये वैजक्का. बस."

मी बसले. तिची बोटं चालूच होती. मी म्हटलं, "निंगव्वा, ते चुंबळीचं—"

"कळलं मला," ती म्हणाली. "दिवाणजीच्या बायकोनं सांगितलं. तिनं बघितलं म्हणे नाटक. हुबेहूब मी होते म्हणाली." विडीला दोरा गुंडाळून तिनं तो दातानं तोडला. "मला नाही सांगितलंस कधी आहे ते."

ती मिरचीबद्दल विचारेल, कामाबद्दल विचारेल, शिव्या देईल, याची मी तयारी केली होती.

"काय होतं गं माझं शेवटी?" तिनं विचारलं.

"कशात?"

"नाटकात. झडती झाली, मिरच्या दाखवल्या, तिथवर सांगितलं दिवाणजीच्या बायकोनं. मग लोक रडले म्हणाली. का रडले?"

मी गोट्यांकडे बघत म्हटलं, "मालक तिला काढून टाकतो. मग ती विहिरीत जीव देते."

निंगव्वाची बोटं पहिल्यांदाच थांबली. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तिला हसू येतंय की काय, असं मला क्षणभर वाटलं.

"मरते?"

"हो."

"आणि या दोघी? यांना कोण बघतं मग?"

नाटकात मुली नव्हत्या. सरांच्या पहिल्या लिखाणात होत्या, पण कामाला लहान मुली मिळेनात म्हणून त्यांनी त्या गाळल्या होत्या. मी तिला तसं सांगितलं.

"नाहीतच?"

मी मान हलवली. तिनं हात लांब करून शांताला दंडाला धरून जवळ ओढलं. खेळ मोडला म्हणून ती पोर किंचाळली, तरी तिनं सोडलं नाही.

"पोरी पण काढून घेतल्यात होय," ती म्हणाली.